आरव म्हणजे शांत? मग कोंबडा काय करतो?

गेल्या अंकात मुलांच्या नावांवर दोन ओळी लिहिल्या आणि शेवटी सहज म्हटलं, काही प्रश्न असतील तर पाठवा. चूक झाली! एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नाही. मुलींच्या नावांचे सगळे प्रश्न बाजूला काढून ठेवलेत, ते पुढच्या वेळी. या वेळी फक्त मुलगे. आणि एक आधीच सांगते, मी ज्योतिषी नाही, कुठलं नाव ‘लकी’ ते मला विचारू नका, मी फक्त कोश उघडून बसलेली बाई आहे.

ताई, पुढच्या महिन्यात आमच्याकडे बाळ येतंय. मुलगा झाला तर म्हणून बायकोने चार नावं काढून ठेवलीयत, आरव, विवान, रेयांश आणि कियान. वेबसाईटवर अर्थ मस्त दिलेत: शांत, चैतन्याने भरलेला, सूर्याचा किरण, देवाची कृपा. आई म्हणते ही नावंच नव्हेत. कोण बरोबर? (होणारे बाबा, नाशिक)

आई बऱ्याच बरोबर आहेत, पण पूर्ण नाही, आणि हे वाक्य तुम्ही घरात कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आरवपासून सुरू करू कारण या एका नावावर मला अकरा पत्रं आलीयत. ‘रव’ म्हणजे आवाज. पक्ष्यांचा कलरव म्हणतो ना, तोच. त्याला ‘आ’ लागला की झाला आरव, म्हणजे मोठा आवाज, आरोळी, गर्जना. आणि यासाठी संस्कृत कोश तरी कशाला हवा, मराठीत कोंबडा काय करतो? आरवतो! तो पहाटे पाचला काय करतो त्याला कुणी ‘शांत’ म्हणत असेल तर त्याने एकदा गावी येऊन झोपून दाखवावं. ज्याला खरंच शांत हवंय त्याच्यासाठी नीरव आहे, ज्यात आवाज नाही तो. बहुतेक कुणीतरी या दोघांची गल्लत केली आणि बाकीच्या साईटींनी डोळे झाकून कॉपी मारली. पण मला विचाराल तर आरव वाईट नाव अजिबात नाही, लहान बाळाला तर त्याच्याइतकं चपखल नाव नाही, फक्त पत्रिकेवर ‘शांत’ छापू नका, पहिल्याच रात्री खोटं पडेल.

रेयांश. यातला अंश आपला, पण ‘रेय’ कुठून आला? सूर्याचा अंश म्हणायचं असेल तर रवि अधिक अंश, आणि शाळेत संधी शिकलेल्या कुणालाही विचारा, त्याचं होतं रव्यंश. तो ‘रेय’ मला तरी इंग्रजीतला किरण वाटतो, संस्कृतचं धोतर नेसलेला. नाव म्हणून ठेवा हो, कायदा थोडाच आहे, पण ‘वेदातलं नाव’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

विवान. ‘चैतन्याने भरलेला’ असा विवान मला कोशात सापडला नाही. त्याच्या अगदी शेजारी बसेल असा शब्द आहे विवस्वान, म्हणजे तेजस्वी, म्हणजे सूर्य. गीतेच्या चौथ्या अध्यायाची सुरुवात आठवा, ‘इमं विवस्वते योगं’, मी हा योग आधी विवस्वानाला सांगितला असं कृष्ण म्हणतो, तोच हा. मधला ‘स्व’ गाळून कुणी विवान केलं असेल तर ते समजू शकते, आपण नाही का विश्वनाथचा विसू करत. या विवस्वानाला लक्षात ठेवा, खाली जुळ्यांच्या प्रश्नात तो परत येणार आहे.

राहिला कियान, आणि इथे मात्र मी सुनबाईंच्या बाजूने. हे नाव आहे, चांगलं जुनं आहे, फक्त ‘देवाची कृपा’ नाही आणि संस्कृतही नाही. फारसीत ‘कय’ म्हणजे राजा, त्याचं अनेकवचन कयान किंवा कियान. इराणच्या पुराणकथांमध्ये कयानी राजांचं अख्खं घराणं आहे. मुंबईच्या पारशी कुटुंबांत कैखुश्रू आणि कैकोबाद ही नावं ऐकली असतील, त्यातला पुढचा ‘कै’ तो हाच. आता गंमत बघा, हा ‘कय’ जुन्या अवेस्ता भाषेत ‘कवि’ असा आहे, आणि तो आणि आपला कवि सख्खे भाऊ. तिकडे तो गादीवर बसून राजा झाला, इकडे ऋषी झाला आणि नंतर कविता करायला लागला (मानधनाचं विचारू नका). खुश्रूचंही तसंच, अवेस्तातलं मूळ रूप ‘हओस्रवह’, आपल्याकडे ‘सुश्रवस्’, ज्याची कीर्ती चांगली तो. म्हणजे कैखुश्रू म्हणजे संस्कृतात सरळ ‘कवि सुश्रवस्’. आणि आयर्लंडमध्येही कियान नावाचे मुलगे असतात, त्यांचा कियान वेगळा, त्याचा अर्थ प्राचीन.

मी आता साठीचा आहे. वडिलांचं नाव धोंडू. शाळेत हजेरीला मास्तर पूर्ण नाव घ्यायचे तेव्हा वर्ग हसायचा. आता नातवाच्या प्रोजेक्टसाठी वंशवृक्ष काढतोय आणि सुनेला वाटतं आपण तिथे ‘धनंजय’ लिहूया. काय करू? (एक आजोबा, सातारा जिल्हा)

आजोबा, धोंडूच लिहा. का ते सांगते, आणि जरा लांबण लागेल त्याला माझा इलाज नाही.

माझ्या आजीच्या भावाचं नाव केरबा. आधीची दोन मुलं गेलेली, म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, पाठ फिरवली, मग शेजारणीने जाऊन ‘अगं कुणाचं टाकलेलं पोर गं हे’ म्हणत उचललं आणि आजीच्या आईने तिला मूठभर ज्वारी देऊन आपलंच पोर विकत घेतलं. आजी सांगायची की तिची आई त्या वेळी खरंच रडत होती, नाटक म्हणून नव्हे. केरातून आणला म्हणून केरबा. तो पंच्याऐंशी वर्षं जगला आणि शेवटपर्यंत बिड्या ओढल्या.

तर दगडू, धोंडू, केरू, उकिर्डा, भिकाजी ही नावं घरच्यांना दुसरं सुचलं नाही म्हणून ठेवलेली नाहीत. ही लपवायची नावं आहेत. सटवाईची, मृत्यूची, शेजारच्या नजरेची दिशाभूल करायची, की बाबांनो इथे नेण्यासारखं काही नाही, इथे धोंडा पडलाय. मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालायची म्हणजे मुलगी वाटेल, आणि त्यावरून नथू, नथोबा. भीक मागून आणलेल्या धान्यावर किंवा कपड्यावर वाढवायचं म्हणून भिकू.

आणि हे फक्त आपल्या खेड्यातलं आहे असं वाटत असेल तर जग फिरवून आणते. तेलुगूत पेंटय्या, पेंट म्हणजे उकिरडा. तमिळमध्ये कुप्पुसामी, कुप्पै म्हणजे कचरा, म्हणजे आमचा केरबाच. बंगालमध्ये तिनकोरी आणि पाचकोरी, दाईकडून तीन कवड्यांना किंवा पाच कवड्यांना ‘विकत’ घेतलेला मुलगा. चीनमध्ये घरात हाक मारायला ‘दुधाचं नाव’ असायचं, त्यात गोउशंग असं एक आहे, कुत्र्याने खाऊन उरलेलं! मंगोलियात तर कमाल आहे, नेरगुई म्हणजे ‘नाव नाही’, एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’, खुनबिश म्हणजे ‘माणूस नव्हे’. वाईट शक्ती आली आणि विचारलं कोण आहे रे, तर उत्तर, ‘हा नव्हे’. तुर्की लोक त्यामानाने सरळ, त्यांच्यात दुरसून नाव आहे, ‘राहू दे याला’. कसलं लपवणं नाही, सरळ हात जोडणं.

जावामध्ये मूल सारखं आजारी पडलं की नावच बदलायचे. १९०१ साली जन्मलेला कुस्नो नावाचा असाच एक आजारी मुलगा, वडिलांनी महाभारतातल्या कर्णावरून नवं नाव ठेवलं, पुढे ‘सु’ लावलेलं. तो सुकर्णो, इंडोनेशियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष.

आता तुमच्या सूनबाईंसाठी दोन गोष्टी. स्त्रीशिक्षणासाठी अख्खं आयुष्य दिलेले, १९५८ साली भारतरत्न मिळालेले महर्षी कर्वे, त्यांचं नाव धोंडो. धोंडो केशव. त्यांनी काही धनंजय करून घेतलं नाही. आणि गूगलचे जे प्रमुख आहेत सुंदर पिचई, त्या पिचईचं मूळ तमिळ ‘पिच्चै’, म्हणजे भिक्षा. आपल्याकडे असते तर भिकाजी झाले असते.

एकच खंत लिहून ठेवते. मुलाला कचरा म्हटलं ते तो हवा होता म्हणून. मुलीला नकुशी म्हटलं ते ती खरंच नको होती म्हणून. २०११ मध्ये तुमच्याच सातारा जिल्ह्यात २८५ नकुशींची नावं समारंभ करून बदलली, आणि ते बरंच झालं. धोंडूची गोष्ट तशी नाही. प्रोजेक्टमध्ये धोंडू लिहा आणि कंसात का ते लिहा, नातवाला मार्क जास्त पडतील.

नमस्कार. मला जुळे नातू झाले! लव-कुश, राम-लखन, जय-विजय सोडून काही सुचवा. आणि पाच मिनिटं आधी आलेला मोठा की नंतर आलेला, यावर व्याह्यांशी वाद चाललाय. (नव्याने आजी, इचलकरंजी)

अभिनंदन आजी! लव-कुश सोडलंत ते ठीकच, पण जाता जाता सांगते, कुश म्हणजे दर्भ आणि लव म्हणजे त्याच दर्भाचा खालचा कापलेला भाग, म्हणजे एकाच काडीची दोन टोकं, नावं विचार करून ठेवलेली आहेत.

जुळ्यांसाठी सगळ्यात जुना शब्द सांगू? यम. घाबरू नका. यम म्हणजे मुळात जुळा, त्याची जुळी बहीण यमी. कवितेत दोन ओळींचे शेवट जुळतात त्याला यमक म्हणतो, तो याच घरचा. आणि यमाचे वडील कोण, तर वरच्या नाशिकवाल्यांचा विवस्वान. त्या घरात जुळ्यांची खोडच आहे, अश्विनीकुमार दोघे पण त्याचेच मुलगे, आणि त्यांच्यापासून माद्रीला झाले ते नकुल-सहदेव, पुन्हा जुळे.

आता हा यम सरहद्द ओलांडून इराणात गेला की काय होतं बघा. तिथे तो यिम, वडील विवंघवंत (ओळखलंत ना?), आणि त्याला लावलेलं विशेषण ‘ख्शएत’, म्हणजे झळाळणारा. यिम ख्शएत बोलता बोलता झाला जमशेद! आपण ज्याच्या नावाने दिवेलागणीला दक्षिणेकडे पाय करून झोपू देत नाही, त्याच्याच नावाचे पारशी मुलगे दक्षिण मुंबईत सुखाने शाळेत जातात, आणि झारखंडात एक अख्खं पोलादाचं शहर जमशेदजी टाटांच्या नावाने उभं आहे. खुर्शीदमधला ‘शीद’ही तोच, झळाळणारा सूर्य.

थॉमस हे पण जुळा. येशूच्या भाषेत, म्हणजे अरामीमध्ये, ‘तोमा’ म्हणजे जुळा. केरळात इसवी सन ५२ मध्ये आले असं तिथले ख्रिश्चन मानतात ते संत थॉमस, त्यांच्यामुळे तिकडे घरटी एक थॉमस, मग तो एकटा का जन्मलेला असेना.

मोठा कोण या वादावर माझ्याकडे नायजेरियाचा निकाल आहे. तिथल्या योरुबा लोकांत जुळ्यांची नावं ठरलेली, आधी येईल तो ताइवो, मागून येईल तो केहिंदे. पण मोठा मानतात केहिंदेला! कारण काय, तर मोठ्याने धाकट्याला पुढे पाठवलं, जा रे बघून ये जग कसं आहे ते, आणि ताइवो रडला तेव्हा मागचा समजून गेला की ठीक आहे, जायला हरकत नाही. आपल्याकडे तरी दुसरं काय करतात मोठे भाऊ, दूध आणायला कोण जातं? तेव्हा तुम्ही ज्या बाजूला असाल त्याप्रमाणे हे व्याह्यांना सांगा किंवा सांगू नका.

घानामधला एक जुळा तर सगळ्यांना माहीत आहे, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ते कोफी अन्नान. ८ एप्रिल १९३८ ला जन्म, शुक्रवार, बरोबर जुळी बहीण. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला आणि मधलं नाव अट्टा, म्हणजे जुळा. शनिवारचा असतो तो क्वामे, बुधवारचा क्वाकू. हे ऐकून हसू नका हं, आपल्या ठाकर-वारली पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या, सुकऱ्या ही नावं अशीच पडलीयत, आणि शहरातल्या लोकांनी त्यातल्या बिचाऱ्या सोम्याला गोम्याशी जोडून म्हण करून टाकली.

नावं सुचवायची राहिलीच. नकुल-सहदेव घ्या. नकुल म्हणजे मुंगूस हे मात्र व्याह्यांना आधीच सांगून ठेवा.

गुरुजींनी बाळाचं अक्षर ‘ण’ काढलंय. आम्ही दोघं तीन रात्री बसलोय. मदत करा. (पुणे)

अरे देवा, हस्त नक्षत्र, तिसरा चरण! पू, ष, ण, ठ. मला वाटतं हस्तवाल्यांवर फारच अन्याय झालाय, त्या चारांत एक ‘पू’ सोडला तर कुणाला काही मिळत नाही. पण तुम्ही एकटे नाही, आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला तर ‘ङ’ येतो, तो उच्चारून दाखवा आधी.

जुन्या लोकांना ही अडचण माहीत होती, त्यांनी नियमच करून ठेवलाय की ङ, ञ, ण आले तर अनुक्रमे ग, ज, ड घ्यावेत कारण ती अक्षरं नावाच्या सुरुवातीला येतच नाहीत. म्हणजे तुम्हाला ‘ड’ मिळाला. ड वरून मुलाचं चांगलं नाव मला आठवलं ते एकच, डेव्हिड, अर्थ लाडका. (उर्दूत दाऊद, तेच नाव.) ते सदाशिव पेठेत चालेल का ते तुम्ही ठरवा. नाहीतर सोपा मार्ग आहेच, जो अर्ध्या महाराष्ट्राने काढलाय, नावरस नाव पत्रिकेत राहू द्या आणि पाळण्यात हवं ते ठेवा, आत्याने कानात कुर्र करताना कुठलं नाव सांगितलं ते नक्षत्राला ऐकू जात नाही.

आम्ही डब्लिनला असतो. इकडच्या लोकांना नीट म्हणता येईल आणि आजी-आजोबांनाही परकं वाटणार नाही असं नाव हवंय. ‘किरण’ कसं वाटतं? इकडे कियरन नावाचे दोघं ऑफिसमध्ये आहेत. (एक आई, डब्लिन)

मस्त वाटतं, आणि तुम्हाला कळलं नसेल पण तुम्ही मोठी गंमत शोधलीयत. आपला किरण म्हणजे उजेडाची रेघ. आणि आयरिश कियरन ज्यावरून आलाय तो ‘कियर’ शब्द म्हणजे काळा, कियरन म्हणजे छोटासा काळा-सावळा! म्हणजे तिकडचे लोक तुमच्या किरणला काळू म्हणून हाक मारणार आणि इकडून आजी प्रकाश म्हणून. आपल्याकडे काळूराम आहेच की, आणि पंढरपूरच्या काळ्या विठोबाला कुणी नावं ठेवत नाही.

अशी दोन घरची नावं बरीच आहेत, परदेशातल्या मराठी आईबापांना ती आवडतात. समीर आपल्याकडे वारा, अरबीत रात्री गप्पा मारत बसणारा सोबती. (मला दुसरा जास्त आवडतो, खरं सांगू का.) अमित आपला ज्याचं मोजमाप नाही असा, हिब्रूत मित्र. कबीर तर अरबीच, मोठा, थोर, आपण इतका आपला केला की विसरलो. पण निखिल ठेवताना एक लक्षात घ्या, संस्कृतात निखिल म्हणजे सगळं, संपूर्ण, आणि लॅटिनमध्ये ‘निहिल’ म्हणजे काहीच नाही. युरोपात एखाद्या लॅटिन शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात गेला तर पोराची चेष्टा होऊ शकते. आणि ओजस ठेवून स्पेनला फिरायला गेलात तर ते वाचतील ‘ओहास’, त्यांना ऐकू येईल झाडाची पानं. त्यात वाईट काही नाही म्हणा.

आमच्या वाड्यावर एक जुआंव, शेजारी एक जॉन, आणि फुटबॉलमध्ये इव्हान, जियोव्हानी, शॉन. पाद्रीबाब म्हणतात सगळी एकच नावं. खरं? (म्हापसा, गोंय)

पाद्रीबाब खरं सांगतात. मूळ हिब्रू, योहानान, ‘देवाने कृपा केली’. (नाशिकवाले, ऐकताय ना? देवाची कृपा हवी होती ती इथे आहे, कियानमध्ये नाही.) ग्रीकमध्ये गेलं, इओआनिस झालं, लॅटिनमध्ये योहानेस, आणि मग प्रत्येकाने आपल्या जिभेप्रमाणे तोडलं. इंग्रजांनी शेपूट तोडून जॉन केलं, जर्मनांनी डोकं तोडून हान्स केलं, रशियन इव्हान, वेल्श एव्हन, स्कॉटिश इयन, आयरिश शॉन, स्पॅनिश ह्वान, फ्रेंच झां, पोर्तुगीज जुआंव आणि तेच तुमच्या वाड्यावर. अरबीत हाच संत याह्या. एवढं एक नाव एवढ्या वेषात फिरलेलं दुसरं मला माहीत नाही.

आणि तुम्ही तर दर वर्षी २४ जूनला त्याचा सण करता, सांजांव! डोक्याला फुला-पानांचं कोपेल बांधून विहिरीत उड्या. आईच्या पोटात असतानाच योहानाने आनंदाने उडी मारली असं बायबलात आहे, म्हणून त्या उड्या, आणि पावसाने विहिरी भरलेल्या असतात हेही आहेच. पहिल्या वर्षीचा जावई त्या दिवशी कोरडा घरी जात नाही असं ऐकलंय.

बाकी गोव्यातल्या जुन्या लोकांनी पोर्तुगीज नावांना जे करून ठेवलंय ते मला फार आवडतं, सेबास्तियांवचा बोस्त्यांव, काएतानोचा कायतान, इनासियोचा इनास. आणि दोमिंगोसचा दुमिंग, तो मुळात ‘प्रभूचा’, आणि पोर्तुगीजमध्ये दोमिंगु म्हणजे रविवार. म्हणजे वरच्या सोम्या-मंगळ्याच्या आणि कोफीच्या पंगतीत दुमिंगलाही पाट मांडायला हवा.

मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटबद्दल वाचताना ‘सामाजी हसाजी दिवेकर’ असं नाव दिसलं. हे मराठे सरदार का? (अंधेरी)

नाही हो, हे ज्यू! रायगडच्या किनाऱ्यावरचे आपले बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे वडील एझिकेल, आणि आडनाव गावावरून, दिव्याचे दिवेकर, जसे पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग त्यांनी बांधलं आणि रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. या लोकांनी हिब्रू नावांना आपला ‘जी’ लावून टाकला होता, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, डेव्हिडचा दाऊदजी. आयझॅकचं मूळ यित्झाक, ‘तो हसेल’. म्हातारपणी मूल होणार ऐकून सारा हसली होती ना, म्हणून.

सिकंदर हे मुस्लिम नाव आहे का? (विद्यार्थी, लातूर)

ग्रीक. अलेक्झांडर, माणसांचं रक्षण करणारा. अरबांना वाटलं सुरुवातीचं ‘अल’ म्हणजे आपलंच ते ‘अल’, अल्-किताबमधलं, जे काढलं-घातलं तरी चालतं. काढलं. उरलं त्यातल्या क्स चं स्क झालं, इस्कंदर, आणि आपल्याकडे सिकंदर.

बालीला जाऊन आलो. गाईड वायान, ड्रायव्हर वायान, हॉटेलचा मॅनेजर पण वायान. फसवत होते का आम्हाला? (ठाणे)

नाही, तिघेही थोरले असणार. बालीत पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. पाचवं झालं की पुन्हा वायान, यादी संपली! मुलगा-मुलगी दोघांनाही तीच. मादे म्हणजे आपलं ‘मध्य’, मधला. त्या बाजूला संस्कृत असं घरोघरी पसरलेलं आहे, थायलंडचे आधीचे राजे भूमिबोल अदुल्यदेज, ते नाव लिहितात ते पाहिलं तर भूमिबल अतुल्यतेज. पुढच्या वेळी बँकॉकला जाल तेव्हा दुकानांच्या पाट्यांपेक्षा माणसांची नावं विचारा.

मुलाचं नाव साहिल ठेवलंय. बारशाच्या पत्रिकेत अर्थ छापायचाय. साईटवर ‘मार्गदर्शक, नेता’ आहे, नवरा म्हणतो ‘किनारा’. (दापोली)

नवरा. अरबीत साहिल म्हणजे समुद्रकिनारा, त्याचं अनेकवचन सवाहिल, आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांची भाषा ती स्वाहिली, किनाऱ्यांवरची. दापोलीत राहून मुलाचं नाव किनारा ठेवलंत आणि छापायला निघालात नेता! पत्रिका प्रेसला गेली नसेल तर आजच फोन करा.